चारशे पीचच्या रोपांना पाणी कोणी घातलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'होमस्टेड' कायद्याखाली सरकारी जमीन घेणारा अमेरिकेतला पहिला शेतकरी डॅनियल फ्रीमन याच्यावर लेख आला. लेख चांगला आहे. मी तो दोनदा वाचला, सुनेकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि कात्रण करून ठेवलं. पण त्यात एक वाक्य आहे की या माणसानं 'एकट्याच्या हिमतीवर ओसाड माळाचं सोनं केलं'. त्यातले 'एकट्याच्या' आणि 'ओसाड' हे दोन शब्द मनातून जाईनात, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी सांगोला तालुक्यातली शेतकरीण. वय सत्तर. साडेचार एकर डाळिंब आणि तीन एकर ज्वारीचं रान. माझी लेक अमेरिकेत नेब्रास्का राज्यात लिंकन या गावी असते. दोन वर्षांमागे तिच्या बाळंतपणाला गेले होते. बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा सप्टेंबर लागला होता. जावई म्हणाले, 'आई, तुम्हाला शेतीचं बघायचंय ना, चला.' तासाभराच्या अंतरावर बिअट्रिस नावाचं गाव आहे, त्याच्या पश्चिमेला फ्रीमनची ती जमीन सरकारनं जपून ठेवली आहे. आपल्या लेखात जिचा उल्लेख आहे, तीच. लेक पाट्या वाचून मराठीत सांगत होती आणि मी वहीत उतरवून घेत होते. ती वही आता माझ्यासमोर आहे.

वाटेत एक गोष्ट घडली, ती आधी सांगते. रस्त्याच्या कडेला एक शेत दिसलं. माझ्या कमरेच्या वर आलेलं पीक, आणि शेंड्याला गच्च, विटकरी रंगाची कणसं. मी गाडी थांबवायला लावली. जवळ जाऊन कणीस हातात धरलं आणि ओळखलं, ही मिलो! बहात्तरच्या दुष्काळात मी सोळा वर्षांची होते. आईबरोबर खडी फोडायला जायचे. तेव्हा रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. भाकरी थापताना कडेला चिरा जायच्या, रंग मातीसारखा, चव कोणाला आवडायची नाही, पण त्यावर आम्ही जगलो. ते धान्य कुठल्या रानात पिकतं, कोण पिकवतं, हा विचार तेव्हा सुचायचं काही कारण नव्हतं. पन्नास वर्षांनी त्याच्या ताटाला हात लागला. त्यामुळे पुढं जे पाहिलं ते परक्या मुलखातलं म्हणून मी पाहू शकले नाही.

आता फ्रीमनविषयी. होमस्टेड कायद्याची माहिती लेखात आली आहे, म्हणून थोडक्यातच लिहिते. २० मे १८६२ रोजी अब्राहम लिंकन यांनी सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून कायदा लागू झाला. १६० एकर जमीन मिळायची. पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, रान वहितीला आणायचं आणि मग दोन साक्षीदार उभे करून मालकीचा कागद मिळवायचा. लेखात 'फुकट' म्हटलंय, पण सगळी मिळून १८ डॉलर फी होती. खरा खर्च त्याच्या पुढचा. बैल, नांगर, बी, आणि पहिलं पीक हाती येईपर्यंतचं खाणं हे सगळं ज्याचं त्यानं बघायचं. पहिल्याच दिवशी ४१८ जणांनी अर्ज केले. त्यात मिसूरी नदीकाठच्या ब्राउनव्हिलच्या जमीन कचेरीत फ्रीमननं केलेला अर्ज पहिल्या क्रमांकाचा धरतात. मध्यरात्रीनंतर कचेरी उघडायला लावून त्यानं अर्ज भरला, ही कथा तुम्ही मोठी रंगवून दिली आहे. तिथंही लोक ती अशीच रंगवून सांगतात. ती वाचायला मलाही आवडली. पण त्या रात्रीनंतर पाच वर्षं गेली, आणि त्या पाच वर्षांवर लेखात चारच ओळी आहेत.

त्या पाच वर्षांचा कागद तिथं बघायला मिळतो. जानेवारी १८६८ मध्ये फ्रीमनच्या दोन साक्षीदारांनी जबानी दिली, ती लेकीनं मला सावकाश वाचून दाखवली. घर १४ फूट बाय २० फूट, अर्धं ओंडक्यांचं, अर्धं फळ्यांचं. एक मजला, दोन दारं, दोन खिडक्या, खाली फळ्यांची जमीन. ३५ एकर रान नांगरून, कुंपण घालून वहितीला आणलेलं. एक तबेला, मेंढरांसाठी १०० फूट लांबीची छपरी, मक्याची कणसं साठवायचा कणगा. आणि ४० सफरचंदाची व सुमारे ४०० पीचची झाडं लावलेली.

चारशे झाडं! मी लेकीला म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचलं, चारशेच.

संपादक महाशय, मी १९९४ साली अडीचशे डाळिंबाची रोपं लावली. ठिबक नव्हतं. विहिरीनं फेब्रुवारीतच तळ गाठला होता. पहिला उन्हाळा मी त्या रोपांना हंड्यानं पाणी घातलं. एका रोपाला एक तांब्या, एक दिवसाआड. सकाळी तांबडं फुटायच्या आत सुरुवात करायची आणि ऊन चढेपर्यंत सव्वाशे रोपं संपवायची. मालक तेव्हा कर्जाच्या कागदांसाठी आठवड्यातले तीन-चार दिवस तालुक्याला असायचे. ते कष्टाळू होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बाग 'त्यांनी' लावली असंच गाव म्हणालं, आणि मीही म्हणाले. आमच्याकडे नवऱ्याला मालकच म्हणतात, तेव्हा बागही मालकाचीच.

म्हणून त्या कागदावर चारशे रोपांचा आकडा ऐकला तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, पाणी कोणी घातलं? ते त्या कागदात नाही. फ्रीमन हा बायको-मुलं असलेला कुटुंबप्रमुख आहे, एवढंच त्यात आहे. बायकोचं नाव नाही.

तिचं नाव ॲग्नेस. माहेरचं आडनाव सूटर. आयोवा राज्यात मिसिसिपी नदीकाठी ल क्लेअर नावाचं गाव आहे, तिथली ती. तिच्या माहेरचे लोक नदीतल्या खडकाळ पट्ट्यातून बोटी पार करून देणारे वाटाडे म्हणून नावाजलेले होते. फ्रीमनच्या धाकट्या भावाशी, जेम्सशी, तिचं जुळलं होतं. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात वारला. फ्रीमनची पहिली बायको त्याआधीच वारली होती. दोघांची पत्रापत्री सुरू झाली आणि लग्न पत्रांतूनच ठरलं. ८ फेब्रुवारी १८६५ ला ते लागलं आणि एकविशीची ती पोर बिजवराचा संसार करायला, नदीकाठचं भरलं गाव सोडून गवताच्या मुलखात आली. हे सगळं तिथल्या पाट्यांवर आहे. आपल्या लेखात 'पुढे त्याने विवाह केला' एवढ्या चार शब्दांत ते आटोपलं आहे.

तो मुलूख कसा होता हे मी तिथं थोडंसं अनुभवलं. १९३९ पासून त्या जमिनीतल्या शंभरेक एकरांत मूळचं गवत परत वाढवलं आहे. सप्टेंबरात ते माझ्या डोक्याच्या वर गेलेलं होतं, तांबूस, वाऱ्यानं लाटांसारखं हलणारं. पायवाटेवरून दहा पावलं आत गेले तर जावई दिसेनात. मी वाकून एका ठोंबाच्या बुडात हात घातला. आपल्याकडे हराळी काढताना जिची कंबर मोडली आहे तिला मुळाचं वेगळं सांगावं लागत नाही. पण हराळी म्हणजे काहीच नाही, या गवताची मुळं दहा फुटांपर्यंत आणि त्याखालीही जातात. माती हाताला लागतच नाही, लागतो तो मुळांचा जाड चटईसारखा थर. तो फोडायला पोलादी फाळ आणि बैलांच्या दोन-तीन जोड्या लागायच्या. पहिल्या वर्षी ढेकळं फुटायचीच नाहीत, म्हणून उलथलेल्या थरात कुऱ्हाडीनं चीर पाडायची, दोन दाणे मक्याचे टाकायचे आणि पायानं दाबायचं. लेक हे वाचत असताना मी म्हटलं, ही तर आपली टोबणी. टोबणी कोणाचं काम असतं हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

जळण नाही, कारण झाडं फक्त ओढ्याकाठी. मग त्या मुलखातल्या बायका गवताचे पेंढे वळून जाळायच्या, मक्याची बुरकुंडं जाळायच्या आणि माळावर वाळलेलं रानगव्यांचं नि गुरांचं शेण वेचून आणायच्या. सुरुवातीला चिमट्यानं उचलायच्या, पुढं फडक्यानं आणि शेवटी नुसत्या हातानं, असं म्हणतात. माझ्या सासूनं मला पहिल्या आठवड्यात गोवऱ्या थापायला बसवलं तेव्हा मलाही किळस आली होती. तीही चार दिवसांत गेली.

जवळच एक ओंडक्यांचं घर उभं करून ठेवलं आहे. ते फ्रीमनचं नाही, त्याच भागातल्या पामर नावाच्या शेतकऱ्याचं, १८६७ सालचं. १४ फूट बाय १६ फूट. मी ते पावलांनी मोजलं. आमच्या जुन्या माळवदाच्या वाड्यातली एक खोली. त्यात नवरा, बायको आणि दहा मुलं राहिली. मी बराच वेळ दारात उभी होते. दहा मुलांची अंथरुणं कुठं पडत असतील, ओली बाळंतीण कुठल्या कोपऱ्यात असेल, बर्फ पडत असताना बारा जणांचे ओले कपडे कुठं वाळत असतील, हे डोळ्यांपुढं मांडून बघत होते. लेकीच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं तेव्हा तो आवाज त्या खोलीत केवढा मोठा झाला!

फ्रीमनच्या जमिनीच्या हद्दीवर त्या काळातलं झाडांचं कुंपण अजून शिल्लक आहे. काटेरी तार यायच्या आधीची ही रीत. 'ओसेज ऑरेंज' नावाची काटेरी झाडं दाट लावायची, वाढली की वाकवून एकात एक गुंतवायची, म्हणजे गुरं आत शिरत नाहीत. आपल्याकडे शेराचं किंवा निवडुंगाचं कुंपण असतं तसंच. खाली फळं पडली होती, मोठ्या पेरूएवढी, हिरवीगार, सालीवर सुरकुत्याच सुरकुत्या. एक उचललं तर बोटांना पांढरा चीक लागला, तो घरी जाईपर्यंत निघाला नाही. दीडशे वर्षांमागं कोणीतरी रोपं हाती धरून, एक-एक वाकवून हे लावलं. किती जणांच्या हातांना असा चीक आणि असे काटे लागले असतील!

१८७४ साली टोळधाड आली. नेब्रास्का, कॅन्सस, सगळा तो पट्टा तिनं खाल्ला. भाजीचे वाफे वाचवायला बायकांनी अंगावरच्या गोधड्या टाकल्या तर टोळांनी गोधड्याही खाल्ल्या, अवजारांच्या मुठी घामाच्या खारटपणासाठी कुरतडल्या. पुष्कळ लोक गाडी जुंपून माघारी गेले. फ्रीमनचं कुटुंब टिकलं. सगळ्या अमेरिकेत मिळून या कायद्याखाली ४० लाखांच्या घरात अर्ज झाले आणि कागद हाती पडला तो १६ लाखांच्या. म्हणजे निम्म्याहून जास्त घरं मोडून गेली. जी टिकली त्यांच्यात एकटा पुरुष किती जागी टिकला असेल?

आता जे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. कायदा नीट बघा. बाईलाही जमीन मागता येत होती. एकवीस वर्षांची बिनलग्नाची असेल तर, विधवा असेल तर, नवऱ्यानं टाकलेली असेल तर. त्या काळाच्या मानानं ही मोठीच गोष्ट होती आणि हजारो बायकांनी अशा जमिनी घेतल्या. पण नवऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बाईला अर्ज नाही, कारण कुटुंबप्रमुख नवरा. म्हणजे ॲग्नेस लग्न न करता एकटी आली असती तर तिला स्वतःच्या नावावर १६० एकर मागता आले असते. लग्न करून आली आणि तो हक्क गेला. उद्या नवरा मेला असता तर पाच वर्षं पुरी करून तिला कागद घेता आला असता. नवरा नसेल तेव्हाच कायद्याला बाई दिसते, असा हा हिशोब.

हे ऐकताना मी गप्प झाले. लेकीला कारण माहीत होतं.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. बायकोच्या नावावर थोडी तरी जमीन करून द्या, असं शरद जोशी सांगायचे. आमचे मालक सभेला गेले, तिथं हात वर करून आले आणि घरी येऊन मला म्हणाले, 'दोन एकर तुझ्या नावावर करतो.' ते मनापासून म्हणाले होते. पण मग त्या वर्षी पाऊस नाही, पुढच्या वर्षी नणंदेचं लग्न, त्याच्या पुढच्या वर्षी दिरांशी वाटणीची बोलणी, असं करत ते राहिलं. २००९ मध्ये ते गेले. वारसनोंदीला मी गेले तर कचेरीत सांगण्यात आलं, 'आजी, तुमचं नाव कशाला, पोरांचीच लावा, परत परत फेरफार नको.' मी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होते, आजी नव्हते. तीन वर्षं हेलपाटे घातले. २०१२ साली सातबाऱ्यावर माझं नाव चढलं. ज्या रानात मी चौतीस वर्षं राबले त्या रानाच्या कागदानं मला ओळखलं ते मी विधवा झाल्यावर.

दुसरा शब्द 'ओसाड'. याबद्दल थोडंच लिहिते, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. ती जमीन ओटो-मिसूरिया या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची होती. १८५४ च्या तहात त्यांच्याकडून ती घेतली आणि त्यांना त्याच भागातल्या बिग ब्लू नदीच्या खालच्या अंगाला एका पट्ट्यात ठेवलं. १८८१ पर्यंत तिथूनही हलवून आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात तिकडं पाठवलं. नेब्रास्का हे नावसुद्धा त्यांच्याच भाषेतलं आहे, सपाट पाणी असा अर्थ. फ्रीमननं घर बांधलं तेव्हा त्याच्या दक्षिणेला, एका दिवसाच्या चालीवर, हे लोक राहत होते. माझं माहेर करमाळा तालुक्यात उजनीच्या पाण्याखाली आहे. देऊळ, पार, आमचा गोठा, सगळं. तिथल्या जमिनीलाही कोणीतरी कागदावर एका शब्दाचं नाव दिलं होतं, 'बुडीत'. म्हणून 'ओसाड' वाचलं की मी थांबते. फ्रीमनच्या कष्टांना त्यानं उणेपणा येत नाही. ॲग्नेसच्याही नाही. पण तिथं आधी कोण होतं हे लिहायला एक ओळ पुरते.

फ्रीमन पुढं शेरीफ म्हणजे तिथला पोलीस अधिकारी झाला, कॉरोनर म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी झाला. सरकारी शाळेत बायबल वाचून दाखवू नये म्हणून तो कोर्टात गेला आणि १९०२ साली नेब्रास्काच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. माणूस धीट होता यात शंका नाही. १९०८ च्या डिसेंबरात तो वारला. ॲग्नेस त्यानंतर वीसेक वर्षं जगली, १९३१ ला गेली. १९३६ साली त्यांची जमीन राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर झाली, ते बघायला दोघांपैकी कोणी नव्हतं.

त्या जमिनीच्या पूर्वेच्या अंगाला, थोड्या उंचवट्यावर, दोघांना पुरलं आहे. तिथपर्यंत चालायला मला वेळ लागला, गुडघे दुखतात. दगडाजवळ गेल्यावर लेकीला म्हटलं, कागदावर जिचं नाव नव्हतं ती इथं आहे का बघ. आहे म्हणाली. मी तिच्याकडून अक्षरं एकेक करून वाचून घेतली, कारण मला इंग्रजी येत नाही, आणि वहीत मराठीत लिहिलं: ॲग्नेस.

माझी विनंती मोठी नाही. पुढच्या रविवारी त्या लेखाखाली दोन ओळींची दुरुस्ती द्यावी. मजकूर मीच लिहून देते, म्हणजे तुमचा वेळ जायला नको:

'मागील रविवारच्या लेखात डॅनियल फ्रीमन यांनी ही शेती एकट्याने उभी केली असे छापले गेले. ती डॅनियल आणि ॲग्नेस फ्रीमन यांनी उभी केली. ती जमीन त्याआधी ओटो-मिसूरिया लोकांची होती.'

सोबत माझ्या सातबाऱ्याची प्रत जोडली आहे. ती छापायची नाही. पत्र लिहिणारी खरोखर शेतकरीण आहे, एवढं तुम्हाला कळावं म्हणून पाठवते.

आपली नियमित वाचक,
एक शेतकरीण, ता. सांगोला, जि. सोलापूर